बिघडलेल्या कॉम्प्युटरांची पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "काकू, आपल्या सोसायटीत कॉम्प्युटर कसे आले यावर लिहा." मी म्हटलं, आले कसे हे दोन ओळींत संपेल. ते बिघडले कसे, हे लिहिते. कारण या पंचवीस वर्षांत मी तिन्ही विंगच्या छत्तीस घरांत गेले ती बहुतेक वेळा चहाला नाही, तर "जरा बघता का, चालू होत नाहीये" म्हणून. चहा नंतर मिळायचा.

आणखी एक कारण आहे. या स्मरणिकेत १९९६ ते २००० हा आपल्या सोसायटीच्या उभारणीचा काळ थोडक्यात आटोपलेला दिसेल. तो लिहिणारा माणूस आपल्याकडे होता, त्याने तो लिहिलाही होता. तो पूर्ण छापता आला नाही याला मी जबाबदार आहे. हे आतापर्यंत मी चारचौघांत कधी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या निमित्ताने तेही सांगून टाकते.

लगेजच्या डब्यातून आलेला पाहुणा

मी बँकेत होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बँकांमध्ये खतावणीची यंत्रं आली, एएलपीएम म्हणायचो आम्ही त्यांना. युनियनचा विरोध, मग करार, मग ट्रेनिंग, असं सगळं होऊन मी त्या यंत्रावर बसायला शिकले. तेवढ्या भांडवलावर २००० साली डोंबिवलीत राहायला आल्यावर मी सोसायटीची "कॉम्प्युटरवाल्या काकू" झाले. खरं तर बँकेत यंत्र बिघडलं की इंजिनियर यायचा आणि आम्ही लांब उभ्या राहायचो.

सोसायटीतला पहिला घरगुती कॉम्प्युटर आमच्याकडे आला, जून २००० मध्ये. मुलगा बारावी झाला होता. लॅमिंग्टन रोडला जाऊन, चार दुकानांत भाव काढून, सुटे भाग जोडून घेतलेला, म्हणजे तेव्हाच्या भाषेत "असेंबल्ड". ६४ एमबी रॅम, १० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८. आज एका लग्नाचे फोटो १० जीबीत मावत नाहीत, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "ताई, जन्मभर भरणार नाही." मॉनिटरचं खोकं टॅक्सीने सीएसटीला आणि तिथून लोकलच्या लगेजच्या डब्यातून डोंबिवलीला आलं. आमचे हे खोक्यावर हात ठेवून उभे होते, शेजारी माशांच्या टोपल्या.

घरी त्याची बडदास्त देवासारखी. प्लास्टिकचं कव्हर, त्यावर सासूबाईंनी शिवलेलं कापडी कव्हर, खोलीत चपला नाहीत. दसऱ्याला पाटीपूजनाबरोबर त्याचीही पूजा झाली आणि पहिला बिघाड तिथूनच सुरू झाला. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी आत जाईना. मुलाने टॉर्च मारून पाहिलं, तर फ्लॉपीच्या फटीत कुंकू लागलेल्या दोन अक्षता. चिमट्याने काढल्या. सासूबाई म्हणाल्या, "त्याला पोहोचल्या म्हणायच्या."

तेव्हा मी मनात एक नोंद केली: यंत्र बिघडलं की आधी काल त्याच्याशी काय केलं ते आठवावं. ही नोंद मी पाळली असती, तर पुढचा मोठा घोटाळा झाला नसता.

दुसरी आठवण बी विंगमधली. कॉम्प्युटर एकाएकी मेला. दिवा नाही, पंखा नाही. पॉवर सप्लायचा डबा उघडला तर आत पालीचं पिल्लू, दोन टोकांना चिकटून कोळसा झालेलं. सगळे "शी शी" करत होते, पण या पिल्लाचे पूर्वज थोर आहेत. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्राच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला आणि खाली "प्रत्यक्ष बग सापडला" अशा अर्थाची गमतीची नोंद केली. यंत्रातल्या दोषाला "बग" म्हणण्याची पद्धत त्याआधीचीच, एडिसनच्या काळापासूनची. पण खरा किडा त्या दिवशी वहीत चढला. आपल्या सोसायटीच्या वहीत पाल चढली, एवढाच फरक.

सी विंगचा शॉक

यानंतरचा बिघाड मात्र गमतीचा नव्हता. २००१ च्या पावसाळ्यात सी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर आला. आठवीतली मुलगी तक्रार करायची, "कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात." आई म्हणायची, अभ्यास टाळायची निमित्तं. मग एकदा फरशी पुसून झाल्यावर आईनेच मागची वायर सरकवायला हात घातला आणि किंचाळली. विकणारा माणूस दोनदा येऊन गेला. एकदा पॉवर सप्लाय बदलला, एकदा अख्खं कॅबिनेट बदललं, दोन्हींचे पैसे घेतले. मुंग्या कायम.

मी घरून टेस्टर घेऊन गेले. कॅबिनेटच्या पत्र्याला लावला तर आतला दिवा मंद पेटला. मग आमच्या घरी, ए विंगमध्ये, आमच्या कॅबिनेटला लावला. पेटला नाही. दोन्ही यंत्रं जवळपास सारखीच. म्हणजे दोष यंत्रात नव्हता, विंगमध्ये होता.

याचं शास्त्र पुढे समजलं ते सांगते, कारण आजही उपयोगी आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. त्यातून अगदी थोडा प्रवाह पत्र्यावर येतोच. तो प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनमधून अर्थिंगने जमिनीत जावा अशी व्यवस्था असते. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो, आणि ओल्या पायाचा माणूस हात लावतो तेव्हा तोच अर्थिंग होतो. प्रवाह एक मिलिअँपियरहून कमी, म्हणून नुसत्या मुंग्या. पण त्याच भिंतीवर गिझर असतो. त्याची कॉइल फुटली तर मिलिअँपियर कोण मोजत बसणार?

सेक्रेटरी सरांनी त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियन बोलावला. तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये सी विंगची अर्थिंगची हिरवी वायर सापडली. सापडली म्हणजे लोंबकळत असलेली. बिल्डरच्या माणसांनी ती पट्टीला जोडलीच नव्हती. बारा घरांत तीन पिनांचे सॉकेट होते, हिरव्या वायरी होत्या, आणि खाली त्या कुठेच जात नव्हत्या. बारा गिझर, बारा फ्रिज, लहान मुलं, म्हातारी माणसं. दीड वर्ष सगळे त्यावर राहत होते.

मागच्या बाजूला जांभळाच्या झाडाजवळ जो सिमेंटचा चौकोन आणि झाकण आहे, ज्यावर मुलं क्रिकेटचा स्टंप ठेवतात, तो हा अर्थिंगचा खड्डा. प्लेट, कोळसा आणि मीठ घालून तेव्हा केलेला. उन्हाळ्यात वॉचमन त्यात पाणी ओततो ते झाडाला नाही, अर्थिंगला. माती कोरडी पडली की तिचा रोध वाढतो. त्याच वर्षी सर्वसाधारण सभेत ठराव होऊन तिन्ही विंगना गळती होताच वीज तोडणारे स्विच बसले. खर्चाला विरोध करणारे होते. सर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "त्या मुलीच्या बोटांना मुंग्या आल्या म्हणून आपल्याला कळलं. दुसऱ्या वेळी कशाने कळेल?" ठराव एकमताने झाला.

साठ सेकंद

इंटरनेट आलं ते फोनच्या तारेतून. मोडेमची ती किरकिर-घरघर ज्यांनी ऐकली त्यांना ती विसरता यायची नाही. नेट चालू असेपर्यंत फोन एंगेज. नाशिकहून नणंद तास-तास नंबर फिरवत बसायची आणि मग चिडून तार करीन म्हणायची. वळवाच्या पावसात वीज कडाडली की आधी मोडेमची फोनवायर उपटायची, कारण वीज तारेतून आत येऊन मोडेम जाळायची. तीन घरांत तसं झालं.

त्या तारेतूनच व्हायरस आले. त्याआधी ते फ्लॉपीतून यायचे. तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस २६ एप्रिल १९९९ ला जगभर उठला होता. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग तो पुसायचा आणि जमलं तर मदरबोर्डवरची मूळ चिपही बिघडवायचा. दर २६ एप्रिलला तो पुन्हा उठू शकायचा. म्हणून २००१ साली आपल्या नोटीस बोर्डावर मी चक्क सूचना लावली होती: "उद्या कॉम्प्युटर सुरू करू नये." खाली कोणीतरी पेन्सिलने लिहिलं, "ग्रहण किती वाजता सुटणार?"

ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आला तेव्हा मात्र कोणाला विनोद सुचला नाही. नेट जोडलं की पडद्यावर चौकट यायची, ६० सेकंदांत यंत्र बंद होईल म्हणून सांगायची, आणि ५९, ५८, ५७... पाच घरांतून एकाच संध्याकाळी बोलावणी. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरायचा ते बुजवणारा पॅच महिनाभर आधीच, जुलैमध्ये, निघाला होता. आपल्यापैकी कोणी घातला नव्हता. आता घालायचा तर नेट हवं, आणि नेट जोडलं की साठ सेकंद. माझ्या मुलाच्या मित्राने फोनवर युक्ती सांगितली: "रन"मध्ये जाऊन शटडाऊन आणि पुढे वजा ए, एवढं टाईप करायचं, उलटी मोजणी थांबते. मी पाचही घरांत ती एक ओळ टाईप करून मोजणी थांबवली आणि ऑफिसमधून सीडीवर आणलेला पॅच घातला. एका घरात मोजणी ४ वर असताना एंटर दाबलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं असं आज वाटतं. त्यानंतर मी फार विचारत नसे. त्या काळी सगळ्या दुखण्यांवर एकच जालीम औषध होतं: "फॉर्मॅट मार." हळू चालतंय? फॉर्मॅट मार. अडकतंय? फॉर्मॅट मार. दोन तासांत यंत्र नव्यासारखं. फी म्हणून बटाटेवडे.

सरांची फाईल

सर म्हणजे आपले पहिले सेक्रेटरी. नाव लिहीत नाही. जुन्यांना लगेच कळेल आणि नव्यांना विचारल्यावर. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मराठी टायपिंग शिकले, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. मुलीने कॉम्प्युटर दिला होता. रोज सकाळी दूध घेऊन आले की तासभर टाईप करायचे. काय लिहिताय विचारलं तर म्हणायचे, "सोसायटीचं बाड."

मार्च २००४ मध्ये त्यांचा फोन आला. "यंत्र दहा मिनिटांनी निळं होतं हो." म्हणजे ती निळी पाटी, जिच्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीबाही येतं आणि सगळं थांबतं. ती पाटी तेव्हा घराघरांत होती. १९९८ साली शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवताना खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर मंचावर ती उमटली होती. मी सरांकडे गेले. दोनदा चालू-बंद करून पाहिलं आणि म्हटलं, "सर, फॉर्मॅट करावं लागेल. तुमचं लिखाण काढून ठेवते."

'माय डॉक्युमेंट्स'चा फोल्डर सीडीवर घेतला. डेस्कटॉपवरचं घेतलं. सरांना विचारलं, "अजून कुठे काही ठेवलंय?" ते म्हणाले, "मी 'सेव्ह' करतो, ते जातं तिथे जातं." हे वाक्य मी ऐकलं आणि त्यावर थांबले नाही. सी ड्राइव्ह फॉर्मॅट केला, विंडोज पुन्हा घातलं, रात्री नऊला घरी आले.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "बाड कुठे आहे?"

त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर फाईल स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवायचं, 'प्रोग्रॅम फाईल्स'च्या पोटात. तिकडे मी पाहिलंच नव्हतं. एकशे दहा पानं होती. जमीन कशी पाहिली, कोणी किती पैसे भरले, बिल्डरने काम थांबवलं ते आठ महिने, महिलांचा महानगरपालिकेवरचा मोर्चा, पहिली पाण्याची लाइन. सर घरोघर जाऊन एकेकाला विचारून लिहीत होते. त्यातले तिघे तोवर गेले होते.

यात दोन गोष्टी मला नंतर कळल्या, आणि त्या जास्त लागल्या. पहिली अशी की फॉर्मॅट केल्याने मजकूर लगेच पुसला जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसं होतं. पानं आत असतात, कुठे काय हे यंत्राला कळत नाही. त्याच क्षणी यंत्र बंद करून डिस्क जाणकाराकडे नेली असती तर बरंच परत आलं असतं. पण मी त्यावर विंडोज घातलं होतं, ऑफिस घातलं होतं, वर सरांच्या नातवासाठी दोन गेम. नवा मजकूर जुन्याच पानांवर छापला गेला होता.

दुसरी गोष्ट अशी की आठ दिवसांनी निळी पाटी परत आली. म्हणजे फॉर्मॅटची गरजच नव्हती. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या पोराने कॅबिनेट उघडलं, रॅमची पट्टी काढली, शाळेच्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले, फुंकर मारून परत बसवली. पंख्यात अडकलेली धूळ ब्रशने काढली. दहा मिनिटं. दमट हवेने दातांवर थर चढला होता, स्पर्श नीट होत नव्हता, बस्स. पुढची चार वर्षं ते यंत्र बिनतक्रार चाललं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "पुन्हा लिहू," म्हणाले. लिहायला बसलेही. पण माणसं गेली होती, वही त्यांनी कधी ठेवली नव्हती, आणि दृष्टी अधू होत होती. वीस-पंचवीस पानांवर ते थांबले. २०११ मध्ये सर गेले. शेवटपर्यंत कॉम्प्युटर अडला की ते मलाच बोलवायचे. त्याचा मला आधारही वाटायचा आणि लाजही.

वही

त्या मार्चनंतर मी एक दोनशेपानी वही केली. ज्या घरी जायचे तिथे आधी वही उघडायची, मग कॅबिनेट. प्रश्न ठरलेले: केव्हापासून? त्याआधी काय बदललं? वायर, जागा, नवं सॉफ्टवेअर, पाऊस, पाहुण्यांची मुलं? पडद्यावर नेमके कोणते शब्द येतात? तुमचं सगळ्यात मोलाचं काय आहे आणि ते कुठे ठेवता? शेवटचा प्रश्न समोर बसवून, फाईल उघडून दाखवायला लावून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहायची. सोपी आधी: वायर, प्लग, धूळ, रॅम. फॉर्मॅट सर्वांत शेवटी आणि मालकाच्या सहीने. हो, सही घ्यायचे. लोक हसायचे.

ही वही चाळली तर आपला इतिहासच दिसतो. "ए विंग: बिलांवर तारीख १९९८ ची." सोसायटीच्या ऑफिसातल्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला, यंत्र बंद केलं की तारीख विसरायचं, आणि त्या महिन्यात थकबाकीवरच्या २१ टक्के व्याजाचा हिशोब उलटा होऊन थकबाकीदारच सोसायटीचे धनको झाले. सेल काही रुपयांचा.

"बी विंग: यूपीएस ओरडतो." हे २००५ नंतरचं पान, भारनियमनाचं. दिवसाचे काही तास वीज नाही. यूपीएस आपला दहा मिनिटं धीर देण्यापुरता. लोक त्यावर सिनेमे संपवायला बघायचे, आणि दोन वर्षांत बॅटऱ्या बसायच्या.

"तळमजला, २७ जुलै २००५." आदल्या दिवसाचा पाऊस कोण विसरेल! सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदला गेला, आणि आपल्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी. जमिनीवर ठेवलेला सीपीयू बुडाला. घरचे पंख्याखाली वाळवून तो सुरू करणारच होते. मी बटणावर हात ठेवला आणि म्हटलं, "याच्यात काय आहे, ते आधी सांगा." आजोबांचे शेवटच्या वाढदिवसाचे फोटो होते. डिस्क काढली, पुसली, आठ-दहा दिवस कोरडी होऊ दिली आणि दुसऱ्या यंत्राला जोडली. फोटो आले. सीपीयू भंगारात गेला. त्या रात्री मी सरांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली.

मग ब्रॉडबँड आलं. रात्री दोन ते सकाळी आठ फुकट डाऊनलोडची योजना होती, म्हणून तरुण पोरं दोनचा गजर लावून उठायची; आयांना वाटायचं अभ्यासाला. मग लॅपटॉप, वाय-फाय, मोबाईल. माझी बोलावणी कमी झाली. पुन्हा वाढली ती मार्च २०२० मध्ये. घरोघर शाळा, ऑफिस, अंत्यदर्शनसुद्धा पडद्यावर. कोणाच्या घरात जायचं नाही, म्हणून मी बाल्कनीतून सूचना द्यायचे. "कर्कश शिट्टी वाजते" ही तक्रार दहा घरांतून आली. दोन भावंडं एकाच खोलीत, दोघांचे स्पीकर चालू. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये, तो परत पहिल्याकडे. उपाय हेडफोन. तिसऱ्या मजल्यावरून दोरीने पिशवीत हेडफोन खाली सोडल्याचं दृश्य कोणीतरी टिपलंय, या स्मरणिकेत असावं.

फ्लॉपी

या वर्षी जानेवारीत सरांच्या मुलीने घर आवरताना टेबलाच्या खणातून तीन फ्लॉपी काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. लेबलवर सरांचं अक्षर: "बाड – जुने". २००३ मधली प्रत. सरांनी स्वतः कधीतरी काढून ठेवली होती आणि विसरले होते. किंवा मला वाईट वाटू नये म्हणून बोलले नसतील. आता विचारणार कोणाला?

फ्लॉपीचं यंत्र आता कोणाकडे असतं? यूएसबीला जोडायचं एक मागवलं. दोन फ्लॉपींच्या चकत्यांना बुरशी, त्या वाचल्याच नाहीत. तिसरी कुरकुरत वाचली. फाईल उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांची खिचडी. घाबरायचं कारण नव्हतं, मजकूर शाबूत होता. जुन्या मराठी फाँटमध्ये यंत्र आत इंग्रजी अक्षराचाच क्रमांक साठवायचं आणि फाँट त्यावर आपल्या अक्षराचा मुखवटा चढवायचा. फाँट गेला की मुखवटा गेला. आता युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून मी व्हॉट्सॲपवर लिहिलेलं अमेरिकेतल्या नातवाला जसंच्या तसं दिसतं.

पण जुन्यातून नव्यात आणणं नुसतं अदलाबदलीचं काम नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलटं. नुसतं बदललं तर "निर्णय"चं भलतंच काही होतं. हे काम केलं सी विंगच्या त्या मुलीने, जिच्या बोटांना २००१ मध्ये मुंग्या आल्या होत्या. ती आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन रविवार बसून तिने छोटा प्रोग्रॅम लिहिला; मी शेजारी बसून चुकलेले शब्द सांगत होते. पडद्यावर पहिली ओळ सरळ झाली, तेव्हा आम्ही दोघी काही वेळ बोललो नाही.

एकशे दहापैकी बावीस पानं मिळाली. जमीन पाहायला गेलेल्या दिवसापासून बिल्डरने काम थांबवलं तिथपर्यंत. पुढचं नाही. मोर्चाचं प्रकरण नाही, पाण्याच्या लाइनचं नाही. ती बावीस पानं या स्मरणिकेत सरांच्या शब्दांत, एक अक्षर न बदलता, छापली आहेत. पुढचा जो थोडक्यात भाग आहे तो आम्ही आठवणीवरून लिहिला आहे, आणि सरांसारखा तो झालेला नाही.

आता

सध्याची दुखणी वेगळी आहेत. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच. ज्यांची यंत्रं जुनी आहेत त्यांनी ती नेटवर, विशेषतः बँकेच्या कामाला, वापरण्याआधी घरातल्या जाणत्या मुलामुलीशी बोला. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असा फोन करून, अमुक ॲप घ्या म्हणून सांगणारे भेटतात. असा फोन कोणतीही खरी कंपनी आपणहून करत नाही. आपल्या दोन ज्येष्ठांचे पैसे असेच गेले. गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि लाजू नका. मी एवढं छापून सांगितलंय, तर तुम्हाला कसली लाज?

या स्मरणिकेच्या तीन प्रती आम्ही ठेवल्या आहेत: एक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर बँकेच्या लॉकरमध्ये आणि तिसरी तुमच्या हातात आहे ती, कागदाची. आपल्या घरच्या मोलाच्या गोष्टींचंही असंच करा. पेनड्राइव्हही कायमचा नसतो. वर्षातून एकदा, दसऱ्याला पूजेच्या आधी, लावून उघडतो का ते पाहायचं. अक्षता मात्र लांबून.

आणि एक विनंती. माळ्यावर कोणाकडे जुना सीपीयू, सीडी, फ्लॉपी पडली असेल, विशेषतः सरांनी २००४ च्या आधी कोणाला वाचायला काही पाने दिली असतील, छापील किंवा फ्लॉपीवर, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला फोन करा. चालू करून पाहू नका. मी वही घेऊन येते.